इंग्रजीच्या वर्गातील दोन चित्रपट : 'इंग्लिश विंग्लिश' आणि 'कोर्ट'

इंग्रजीच्या अध्यापनात चित्रपटाचा उपयोग व्हावा, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद व्हावयास हवा तो कोणता चित्रपट आणि त्यातून कोणती इंग्रजी, या प्रश्नावर. या विषयावरील लेखनात चित्रपटाची उपयुक्तता बहुधा उच्चार, शब्दसंपत्ती आणि अभिरुची या तीन मुद्द्यांत आटोपते. हे मुद्दे खोटे नाहीत. परंतु त्यांत चित्रपट हे विद्यार्थ्याला वर्गात बसविण्याचे आमिष ठरते, अभ्यासावयाची संहिता ठरत नाही. प्रस्तुत लेखात दोन भारतीय चित्रपटांच्या आधारे हीच बाब तपासावयाची आहे.

गौरी शिंदे दिग्दर्शित 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) हा चित्रपट या चर्चेत वारंवार पुढे केला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. लाडू करून विकणारी शशी गोडबोले ही मराठी गृहिणी. 'जॅझ' या शब्दाच्या तिच्या उच्चाराला घरची माणसे हसतात. न्यूयॉर्कच्या कॉफीगृहात तिचा अपमान होतो. ती चार आठवड्यांच्या वर्गात नाव घालते आणि रात्री जागून इंग्रजी चित्रपट पाहते. म्हणजे चित्रपटाद्वारे इंग्रजी शिकण्याची आपल्या चर्चेतील पद्धती खुद्द कथानकातच आहे. शेवटी लग्नसमारंभात ती इंग्रजीत चार शब्द बोलते आणि तिला हरवलेला मान परत मिळतो. श्रीदेवींच्या अभिनयाने हा प्रवास विलक्षण हृद्य झाला आहे. तथापि ही इंग्रजी मुख्यतः संभाषणाची, समारंभाची इंग्रजी आहे. ती आली की हसणारे हसावयाचे थांबतात, एवढेच तिचे कार्य.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती इंग्रजी भेटणार आहे? घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी बोलणारा हा विद्यार्थी परदेशातील कॉफीगृहात क्वचितच जाईल. इंग्रजी त्याच्यापुढे येते ती नेमणुकीच्या आदेशातून, बँकेच्या अटींमधून, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालातून. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा मूलतः इंग्रजीच आहे. ही इंग्रजी त्याला बोलावयाची नसते. ती त्याच्याविषयी लिहिलेली असते.

म्हणूनच चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट मला इंग्रजीच्या वर्गासाठी अधिक मोलाचा वाटतो. मराठी चित्रपटाची शिफारस इंग्रजीच्या अध्यापकाला विपरीत वाटेल. परंतु 'कोर्ट' मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत चालतो आणि त्या भाषांमधील दरी हाच त्याचा एक विषय आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांच्या गीतामुळे एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका नागपूरचेच वीरा साथीदार यांनी केली. 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक आणि चळवळीतील कार्यकर्ते असलेल्या साथीदारांचे एप्रिल २०२१ मध्ये कोविडने निधन झाले.

मृताची पत्नी साक्ष देते. नवरा मॅनहोलमध्ये आधी दगड टाकी. झुरळे बाहेर आली तर आत प्राणवायू आहे असे समजे. दुर्गंधी सोसण्यासाठी दारू पिई. दोन-तीन साध्या वाक्यांत एका व्यवसायाचे सारे भीषण ज्ञान येते. विद्यार्थी हे मराठीत ऐकतो आणि खाली इंग्रजी उपशीर्षके वाचतो. ऐकावयाची भाषा आपली आणि वाचावयाची परकी, या उलट्या उपशीर्षकांचा मार्तिन दानाँ यांनी १९९२ च्या निबंधात अभ्यास केला असून भाषा शिकणाऱ्यांना त्यांचा लाभ होत असल्याचे दाखविले आहे. इंग्रजी ध्वनी ऐकवावयाचा असेल तर मात्र नियम वेगळा. मिटरर आणि मॅक्वीन यांच्या २००९ च्या प्रयोगात डच विद्यार्थ्यांना अपरिचित धाटणीची इंग्रजी समजण्यास इंग्रजी उपशीर्षकांची मदत झाली, मातृभाषेतील उपशीर्षकांनी उलट अडथळा आणला. आपल्याकडे उपशीर्षके दाखवावीत की नाही एवढाच वाद होतो; कोणत्या भाषेत आणि कशासाठी, हे कोणी विचारत नाही.

वर्गातील काम यातूनच निघते. साक्षीचा प्रसंग उपशीर्षके झाकून दाखवावा आणि न्यायालयाच्या नोंदीसाठी तो इंग्रजीत लिहावयास सांगावा. 'झुरळे बाहेर आली तर' या अटीचे क्रियारूप कोणते घ्यावे? 'दारू पिई' यातील रीतिभूतकाळ इंग्रजीत कसा आणावा? तो साध्या भूतकाळात लिहिला तर नेहमीची सवय एका दिवसाची घटना होऊन बसते आणि साक्षीचा अर्थच पालटतो. व्याकरणाची चूक कोणाला किती महाग पडू शकते, हे येथे विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीत दिसते. पाठ्यपुस्तकातील रिकाम्या जागा भरून ते दिसत नाही.

एक धोका मात्र आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) जुन्या कायद्याची कलमे मराठी वळणाच्या उच्चारात, एकसुरी वाचत जाते. वर्गात येथे हशा पिकण्याचा संभव मोठा. शशीच्या उच्चाराला हसणाऱ्या घरच्यांहून हा हशा वेगळा नाही. अध्यापकाने चित्रफीत थांबवावयाची ती याच ठिकाणी, कारण त्या एकसुरी वाचनावर एका माणसाचा जामीन अवलंबून आहे. दुसरीकडे बचावाचे वकील विनय व्होरा सफाईदार इंग्रजी बोलतात, मोटारीत जॅझ ऐकतात. त्या सफाईने अशिलाची सुटका होतेच असे नाही. (जॅझ दोन्ही चित्रपटांत यावा, हा योगायोग मजेचा आहे.)

चित्रपट संथ आहे, सुमारे दोन तासांचा आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो सलग दाखविण्याची गरज नाही. ताम्हाणे कॅमेरा बहुधा स्थिर ठेवून दीर्घ दृश्ये घेतात. त्यामुळे दहा मिनिटांचा तुकडाही स्वतंत्रपणे शिकविता येतो आणि संवाद पार्श्वसंगीतात बुडत नाहीत. कायद्याची अडचणही दाखविली जाते तेवढी नाही : प्रेक्षक संस्थेतील विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांपुरते मर्यादित असतील, तर शैक्षणिक कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखविण्यास १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ मुभा देते. प्रश्न उरतो तो मूल्यमापनाचा. मराठी साक्षीची इंग्रजी नोंद करणे हा प्रकार प्रश्नपत्रिकेत नसेल, तर वर्गातही तो फार काळ टिकणार नाही. अभ्यास मंडळांनी त्याला निदान अंतर्गत गुणांत स्थान द्यावयास हवे.