दोन वर्षांचा हिशेब

माझी भाची प्राकृतात पीएच.डी. करते. तिचा लेख एका जुन्या मराठी त्रैमासिकात छापून आला, आम्ही पेढे वाटले. विभागातल्या समितीनं एवढंच विचारलं, ‘या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ भाची म्हणाली, “मावशी, शून्य असता तरी चाललं असतं गं. इथं रकानाच रिकामा.”

मग मी हे प्रकरण समजून घेतलं. लेखात आधाराला कुणाचं नाव घेतलंय, याची मोजदाद. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानाची अशी संदर्भसूची काढली. इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित साधं आहे. नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा किती वेळा उल्लेख झाला, त्याला त्या लेखांच्या संख्येनं भागायचं. चाळीस लेख, वीस उल्लेख, तर अर्धा. औषधावरचा लेख दोन वर्षांत जुना होतो, तिथं हे चालत असेल. कला-मानव्यविद्यांची वेगळी सूची १९७८ साली निघाली, पण तिच्यातल्या नियतकालिकांना हा आकडा सरसकट द्यायला २०२३ उजाडलं. म्हणजे मोजणारेही एवढी वर्षं कचरतच होते!

आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये घ्या. कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ त्यांनी १९३५ मध्ये संपादित केला, सोबत अमृतचंद्र आणि जयसेन यांच्या टीका. त्या टीका मूळ ग्रंथानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या. दोन वर्षांच्या मापानं कुंदकुंदांचा प्रभाव किती भरला असता? उपाध्यांची प्रस्तावना तर अभ्यासक आजही उघडतात. पण ती पडली पुस्तकात, आणि हे माप नियतकालिकांचं. आमच्या विषयात निम्म्याहून अधिक आधार पुस्तकांचे, पोथ्यांचे असतात. शिवाय मराठीत कुणी मराठी लेखाचा आधार घेतला, तर तो परदेशी सूचीत क्वचितच पोचतो. आणखी एक गंमत. ‘अमक्यांचं म्हणणं साफ चुकीचं’ असं लिहिलं, तरी त्या अमक्यांच्या खात्यात एक उल्लेख जमा!

मोजणीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. आकडा नसतो तिथं वशिला चालतो, हे आपण बायकांनी नोकऱ्यांत पुष्कळ पाहिलंय. एखाद्या लेखाचा वीस-तीस वर्षांत कुणी, कशासाठी आधार घेतला हे जरूर बघा, त्यातून खूप कळतं. पण नियतकालिकाची सरासरी त्यातल्या एकेका लेखाला चिकटवणं म्हणजे वर्गाच्या सरासरीवर एका मुलीला पास-नापास करणं.

आमच्या शनिवारच्या स्वाध्यायात मी भाचीचा लेख वाचून दाखवला. एका गाथेच्या अर्थावरून बायकांत तासभर वाद झाला, दोघींनी झेरॉक्स नेली. लेख चौदा पानांचा आहे. समितीतल्या कुणी तो अजून मागितलेला नाही.