‘नाइस’ : एका शब्दाचा अर्थप्रवास आणि हेन्री टिल्नीची हरकत

प्रास्ताविक

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडी जी विशेषणे सर्वांत आधी बसतात, त्यांत ‘नाइस’ची गणना करावी लागेल. हवा नाइस, चहा नाइस आणि अभ्यासाला लावलेली कविताही नाइस! मराठी बोलण्यातही हा शब्द आता ‘छान’च्या शेजारी येऊन बसला आहे. दुसरीकडे, निबंध तपासताना इंग्रजीचा अध्यापक ज्याच्याखाली तांबडी रेघ ओढतो, तोही हाच शब्द. ही रेघ कोणत्या आधारावर ओढली जाते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीतील एका प्रसंगाच्या आधारे केला आहे.

टेकडीवरील संवाद

ही कादंबरी लेखिकेच्या निधनानंतर डिसेंबर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चौदाव्या प्रकरणात सतरा वर्षांची कॅथरिन मॉरलंड, हेन्री टिल्नी आणि त्याची बहीण एलिनॉर बाथजवळच्या बीचन क्लिफ टेकडीवर फिरायला जातात. ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) ही कादंबरी जगातील सर्वांत नाइस पुस्तक आहे, असे कॅथरिनला वाटते. हेन्री लगेच तिला शब्दात पकडतो : नाइस म्हणजे नीटनेटके, तेव्हा ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून राहील! पुढे त्याची तक्रार अशी की, पूर्वी हा शब्द पोशाख, भावना किंवा निवड यांतील नेटकेपणा व सुसंस्कृतता दाखवीत असे. आता मात्र कशाचीही स्तुती या एकाच शब्दात उरकली जाते.

हेन्रीच्या हरकतीचे दोन भाग आहेत. पहिला व्युत्पत्तीचा, म्हणजे मूळ अर्थ हाच खरा अर्थ. दुसरा व्यवहाराचा, म्हणजे सर्वत्र चालणारा शब्द काहीच सांगत नाही. हे दोन्ही भाग वेगळे तपासले पाहिजेत.

मूळ अर्थाचा दावा

पहिला दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ‘नाइस’चे मूळ लॅटिनमधील ‘नेस्कियुस’, म्हणजे ‘न जाणणारा’ या शब्दात आहे. जुन्या फ्रेंचमधून तो १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तो ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊन; चॉसरच्या काव्यात तो या अर्थाने भेटतो. पुढे त्याला चोखंदळ, नाजूक, सूक्ष्म, अचूक अशा छटा लाभल्या. ‘सुखद’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. गंमत अशी की, ज्या ‘जाणणे’ या धातूपासून ‘सायन्स’ शब्द निघाला, त्याच धातूच्या नकारातून ‘नाइस’ निघाला आहे. हेन्री ज्याला मूळ अर्थ समजतो, तो वाटेतला एक मुक्काम आहे. खऱ्या मुळापर्यंत जायचे, तर नाइस पुस्तक म्हणजे मूर्ख पुस्तक म्हणावे लागेल!

हा वाद आपल्या काव्यशास्त्राला नवा नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत आणणारा. म्हणून ‘निपुण’ हा त्याचा अर्थ मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रूढिलक्षणेचे उदाहरण मानला. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने ते नाकारले. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. अर्थ ठरतो तो दुसऱ्याने, असे त्याचे म्हणणे. ‘शिक्षा’ म्हणजे अध्यापन आणि ‘राग’ म्हणजे अनुराग हे संस्कृत अर्थ दाखवून मराठी माणसाला कोणी चुकीचा ठरवीत नाही. मग कॅथरिनलाच ते का ऐकावे लागावे?

एलिनॉरचे उत्तर

ऑस्टिनने याचे उत्तर एलिनॉरच्या तोंडी ठेवले आहे. जॉन्सन आणि ब्लेअर यांच्या नावाने दडपण आणणाऱ्या भावाला ती सुनावते, की तो शहाणा असण्यापेक्षा ‘नाइस’च अधिक आहे. येथे शब्द जुन्या, ‘फाजील चोखंदळ’ या अर्थाने येतो. एकाच संवादात दोन्ही अर्थ जिवंत आहेत आणि ऐकणाऱ्याचा कुठेही घोटाळा होत नाही. कारण अर्थ संदर्भातून उलगडतो. आजही इंग्रजीत सूक्ष्म तात्त्विक भेदाला ‘नाइस’ म्हणतात, चहा ‘नाइस’ गरम असतो, आणि झालेल्या घोटाळ्याला उपरोधाने ‘नाइस’ म्हटले जाते. शब्द रिकामा झाला असता, तर तो इतकी कामे करू शकला नसता.

हरकतीतील तथ्य

तथापि हेन्रीचा दुसरा मुद्दा सर्वस्वी फेटाळता येत नाही. टेकडीवर चालताना कॅथरिनला पुस्तकाची चिकित्सा करायची नसून आपला आनंद वाटून घ्यायचा आहे. त्यासाठी ‘नाइस’ पुरेसा आहे. समीक्षेत मात्र तो अपुरा पडतो, कारण तिथे काय आवडले आणि का, हे सांगण्याची जबाबदारी असते. पण मग आपल्या ग्रंथपरीक्षणांतील ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ आणि ‘उल्लेखनीय’ या शब्दांचे काय? ही आपली प्रतिष्ठित ‘नाइस’च आहेत. त्यांच्याखाली तांबडी रेघ कोणी ओढत नाही.

निष्कर्ष

घरात पहिल्यांदाच इंग्रजी शिकणारा विद्यार्थी कवितेला ‘नाइस’ म्हणतो, तेव्हा तो चूक करीत नसतो. तो बोलायला सुरुवात करीत असतो. त्याचा शब्द खोडणारा अध्यापक हेन्रीच्या बाजूने उभा राहतो. ‘तुला यातील काय नाइस वाटले?’ असे विचारणारा अध्यापक त्याला समीक्षेच्या दारापर्यंत आणून सोडतो. शब्दाची मर्यादा दाखवावी ती अशा रीतीने.