ब्लायबराचे देवदूत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे, सफक परगण्यात, ब्लाय नदीच्या दलदलीला लागून ब्लायबरा नावाचं गाव आहे. गाव मूठभर घरांचं, पण चर्च एवढं मोठं की लोक त्याला ‘दलदलीचं कॅथीड्रल’ म्हणतात. पंधराव्या शतकात इथे बंदर होतं, व्यापार होता. होली ट्रिनिटीची ही वास्तू त्या भरभराटीच्या काळातली. पुढे नदीत गाळ साचला, जहाजांचा आकार वाढला आणि व्यापार दुसरीकडे गेला.

आत पाऊल टाकताच जाणवतो तो उजेड. मोठ्या खिडक्या, त्यांच्या वर छपराखाली खिडक्यांची आणखी एक रांग, पांढऱ्या भिंती, जुन्या विटांची जमीन. मध्ययुगातल्या रंगीत काचांचे इथे थोडेसेच तुकडे उरलेत. त्या काचा गेल्याची हळहळ वाटतेच. तरीही साध्या काचांतून दलदलीवरचं अख्खं आभाळ आत येतं आणि नजर वर छताकडे जाते, हे या चर्चचं खरं वैभव आहे असं मला वाटतं.

वर आढ्याला लाकडी देवदूत आहेत. पाठीला पाठ लावून जोडीने बसवलेले, त्यामुळे कुठूनही पाहिलं तरी एकाचा चेहरा आपल्याकडे असतोच. पंख पसरलेले, शेजारच्या लाकडावर फिकट पडलेली रंगीत फुलं. १६४४ साली प्युरिटन मूर्तिभंजक विल्यम डाउसिंग इथे आला आणि देवदूत उतरवायचा हुकूम देऊन गेला. एवढ्या उंचीवर चढणं सोपं नव्हतं, बरेच वाचले. पुढे त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा साहजिकच बोट डाउसिंगच्या माणसांकडे गेलं. पण चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशेबांत जॅकडॉ पक्षी मारण्यासाठी बंदुकीची दारू आणि छर्रे आणल्याचा खर्च लिहिलेला आहे. म्हणजे देवदूतांना लागलेल्या गोळ्या द्वेषाच्या नव्हत्या, कावळ्यांच्या जातीच्या उपद्रवी पाखरांवर झाडलेल्या होत्या. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. चर्च म्हणजे गावाने रोज सांभाळायची वास्तू, हे त्या एका नोंदीतून जितकं कळतं तितकं मोठ्या इतिहासग्रंथातूनही कळत नाही.

मान खाली केली की बाकांच्या टोकांवरची पापं दिसतात. आळस अंथरुणातच उठून बसलाय. खादाडाचं पोट सुटलंय. एक जण खोड्यात अडकलाय. वर स्वर्ग आणि कोपराशी पाप, अशी ही मांडणी. आठवडाभर राबून आलेला शेतकरी नेमका त्या अंथरुणातल्या माणसाशेजारी बसला असेल, तर प्रवचन ऐकताना त्याच्या मनात काय आलं असेल? कोरणाऱ्याने या पाप्यांना राक्षस केलेलं नाही, ओळखीची माणसं केलंय. त्याची ही समज मला देवदूतांइतकीच थोर वाटते.

उत्तरेच्या दारावरचे जळके डाग बहुतेक पाहुणे आधी शोधतात. ४ ऑगस्ट १५७७ रोजी प्रार्थना चालू असताना वादळात मनोऱ्याचं शिखर छप्पर फोडून आत कोसळलं, माणसं दगावली. काळ्या सैतानी कुत्र्याने जाताना दारावर नख्या उमटवल्या, अशी आख्यायिका. मी मात्र त्या दारापेक्षा बाकड्यांपाशीच जास्त रेंगाळतो. तिथे १६६५ साली डिर्क नावाच्या एका डच मुलाने आपलं नाव कोरून ठेवलंय. तेव्हा चर्चच्या या बाकांवर शाळेची मुलं बसत.

एकोणिसाव्या शतकात छप्पर इतकं गळू लागलं की पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत, असं सांगतात. १८८१ साली चर्च बंद करावं लागलं. इंग्लंडभर तेव्हा जुन्या चर्चांना खरवडून, तासून नवं रूप देण्याची लाट होती. विल्यम मॉरिस आणि १८७७ साली त्याने उभी केलेली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची संस्था यांचं म्हणणं वेगळं होतं : डागडुजी करा, नवं करू नका. स्थानिक मंडळींशी त्यांचा वाद बराच काळ चालला. शिवाय गावाकडे पैसाही फारसा नव्हता. त्यामुळे देवदूतांना कुणी नव्याने रंगवलं नाही, आणि मध्ययुगातल्या रंगाऱ्याने दिलेला रंग आज पाचशे वर्षांनंतरही तिथे पाहायला मिळतो.