टाकाऊतले शिक्षण

बीबीसारख्या काळ्या मातीच्या गावांत पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांशी ती माती भांडते: वाळताना आकसते, बैलाचा पाय तडकतो. मूल पुन्हा मळते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणवणाऱ्या अनेक शिबिरांत मात्र आइस्क्रीमच्या काड्या कोऱ्या विकत आणतात आणि सगळ्यांकडून एकच पेनस्टँड करून घेतात. इथे वस्तू मुलाला अडवतच नाही.

अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. चौकोन डळमळतो, त्रिकोण ताठ राहतो. हे बोटांनाच कळते. शिबिर जोखायचे तर प्रदर्शनाचे टेबल पाहण्याआधी मोडलेले, पुन्हा केलेले किती, ते विचारावे.