‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ : सागरी अपृष्ठवंशीयांच्या विविधता-सर्वेक्षण पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

सागरी जैवविविधतेविषयीच्या बहुतेक लेखनाचा शेवट प्रजातींच्या यादीने होतो. अमुक किनाऱ्यावर मृदुकाय प्राण्यांच्या इतक्या, कवचधारी प्राण्यांच्या इतक्या आणि पॉलिकीट कृमींच्या इतक्या प्रजाती आढळल्या, असे कोष्टक दिले जाते. त्याखाली विविधता-निर्देशांकाची आकडेमोड येते आणि त्यावरून किनारा ‘समृद्ध’ वा ‘ऱ्हास पावलेला’ ठरविला जातो. या आकड्यांमध्ये समुद्राचा वाटा किती आणि जाळ्याचा, चाळणीचा व निरीक्षकाच्या डोळ्याचा वाटा किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने सर्वेक्षण पद्धतींची चिकित्सा केली आहे. प्रजातींची यादी ही समुद्र आणि पद्धत या दोहोंचे संयुक्त फलित असते; त्यामुळे पद्धतीचा पूर्ण तपशील न देणारी यादी तुलनेसाठी निरुपयोगी आणि निर्णयासाठी धोकादायक ठरते, असे येथील प्रतिपादन आहे.

जाळ्याने घडविलेला निष्कर्ष

या प्रतिपादनाचे सर्वांत बोलके उदाहरण एकोणिसाव्या शतकात सापडते. ब्रिटिश निसर्गअभ्यासक एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४१-४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडजाळ्याने तपासला. खोलीबरोबर प्राण्यांची संख्या घटत जाते असे त्यांना दिसले. त्यावरून सुमारे ३०० फॅदम, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी, असा सिद्धांत त्यांनी १८४३ मध्ये मांडला. फोर्ब्ज हे अत्यंत काटेकोर निरीक्षक होते. परंतु त्यांचे खरवडजाळे लहान होते आणि ते गाळाने लवकर भरून जाई. शिवाय पूर्व भूमध्य समुद्राचा तळ मुळातच जीवविरळ आहे. एका समुद्रातील एका साधनाचे अपयश अशा रीतीने साऱ्या महासागरांचा नियम बनले.

विशेष म्हणजे विरोधी पुरावा त्यापूर्वीच उपलब्ध होता. १८१८ मध्ये जॉन रॉस यांच्या मोहिमेत बॅफिनच्या उपसागरात खोली मोजण्याच्या दोरीबरोबर तारामाशांच्या कुळाशी नाते सांगणारा एक प्राणी वर आला होता. तरीही फोर्ब्ज यांचा सिद्धांत पुढे सुमारे २५ वर्षे प्रभावी राहिला. १८६९ मध्ये ‘पॉर्क्युपाइन’ जहाजाने ४ किलोमीटरहून अधिक खोलीवरून जिवंत प्राणी वर आणले आणि १८७२ ते १८७६ या काळातील ‘चॅलेंजर’ मोहिमेने या वादावर पडदा टाकला. यातून मिळणारा धडा फोर्ब्ज यांच्यापुरता मर्यादित नाही. ‘या साधनाने, या ठिकाणी, इतक्या श्रमात आढळले नाही’ या विधानातील पहिली तीन पदे गळाली की ‘नाही’ एवढेच उरते.

संख्यात्मक पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

खरवडजाळे किती क्षेत्र खरवडते हे निश्चित सांगता येत नाही. ही अडचण डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस पेटरसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोडविली. त्यांच्या पकडयंत्राने तळाच्या ठरावीक क्षेत्रफळातील गाळ उचलला जातो. त्यामुळे दर चौरस मीटरमागे प्राण्यांची संख्या सांगता येऊ लागली. खडकाळ किनाऱ्यावर हेच काम ठरावीक मापाची चौकट करते. तथापि, क्षेत्रफळ निश्चित झाले म्हणजे विविधता मोजली गेली असे होत नाही.

पहिली अडचण चाळणीची आहे. गाळ १ मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला तर त्याहून बारीक प्राणी पाण्याबरोबर वाहून जातात. अर्ध्या मिलिमीटरची चाळणी वापरल्यास त्यांतील बरेच हाती लागतात. ६० च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी बारीक जाळीची साधने खोल समुद्रात वापरली, तेव्हा जो तळ जीवविरळ मानला जात होता तेथेच प्रजातींची दाटी दिसून आली. समुद्र तोच होता. जाळी बदलली होती.

दुसरी अडचण श्रमांची आहे. नमुन्यात जितके अधिक प्राणी, तितक्या अधिक प्रजाती, हा साधा नियम आहे. त्यामुळे १०० प्राण्यांच्या नमुन्याची तुलना १००० प्राण्यांच्या नमुन्याशी थेट करता येत नाही. सँडर्स यांनी १९६८ मध्ये यासाठी विरलनाची पद्धत सुचविली. मोठ्या नमुन्यातून लहान नमुन्याइतकेच प्राणी घेतले असते तर किती प्रजाती मिळाल्या असत्या, याचा अंदाज ती देते. १९७१ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी दाखवून दिले की सँडर्स यांचे सूत्र हा अंदाज वाढवून सांगते. त्यांनी सुधारित सूत्र दिले. पद्धतीवर टीका झाली, टीकेतून पद्धत सुधारली आणि विषय पुढे गेला. मराठी अभ्यासलेखनात अशा टीकेची परंपरा अद्याप पुरेशी रुजलेली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

सर्वेक्षण उत्तम असले तरी त्यावरून काढलेले अनुमान वादग्रस्त असू शकते. फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मॅसिओलेक यांनी १९९२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडील खोल तळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २३३ नमुन्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे २१ चौरस मीटर होते. त्यात ७९८ प्रजाती मिळाल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विज्ञानास नव्या होत्या. नमुन्यांतील अंतराबरोबर नव्या प्रजाती ज्या गतीने वाढत गेल्या ती गती महासागराच्या क्षेत्रफळाला लावून त्यांनी खोल समुद्रात १ कोटी प्रजाती असू शकतील असा अंदाज केला. त्याच वर्षी रॉबर्ट मे यांनी त्याच आकडेवारीचा वेगळा अर्थ लावला. मिळालेल्यांपैकी साधारण निम्म्या प्रजाती ज्ञात असतील, तर एकूण संख्या ज्ञात संख्येच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५ लाख मानणे अधिक युक्त होय, असे त्यांचे म्हणणे होते. नमुना एकच असताना अंदाजात वीस पटींचा फरक पडला. कच्ची आकडेवारी आणि पद्धत खुली असल्यामुळेच हा वाद होऊ शकला.

श्रम वाढविल्यास काय घडते याचे उदाहरण न्यू कॅलेडोनियातील कूमाक येथे मिळते. फिलिप बुशे व सहकाऱ्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे २९५ चौरस किलोमीटर क्षेत्रातील ४२ स्थानकांवर ४०० मनुष्यदिवसांचे श्रम खर्ची पडले आणि केवळ मृदुकाय प्राण्यांच्या २७३८ प्रजाती मिळाल्या. त्यांतील ३२ टक्के प्रजाती एकाच स्थानकावर सापडल्या, २० टक्के प्रजातींचा एकेकच नमुना मिळाला आणि २८.५ टक्के प्रजातींची केवळ रिकामी कवचे हाती आली. एक तृतीयांश प्रजातींचे प्रौढ प्राणी ४.१ मिलिमीटरहूनही लहान होते. सागरी विविधतेचा मोठा हिस्सा दुर्मीळ, सूक्ष्म आणि विखुरलेला असतो, असा याचा अर्थ होतो. नुसत्या डोळ्यांनी, दोन-चार फेऱ्यांत केलेले सर्वेक्षण नेमका हाच हिस्सा गमावते.

कोकण किनाऱ्यावरील सर्वेक्षणे

या पार्श्वभूमीवर कोकणातील महाविद्यालयीन पातळीवरील सर्वेक्षणांचा विचार करता काही दोष वारंवार संभवतात. क्षेत्रभेटी बहुधा दिवाळीनंतर ते परीक्षांपूर्वीच्या काळात होतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर उतरणे धोक्याचे असल्याने ते महिने वगळले जातात, पण निष्कर्ष मात्र ‘वार्षिक’ म्हणून मांडला जातो. ओहोटीची तिथीही अनेकदा नोंदविली जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितके मागे सरते तितके अष्टमीच्या भांगात सरत नाही. त्यामुळे भांगाच्या ओहोटीला केलेल्या पाहणीत खालच्या पट्ट्यातील प्राणी पाण्याखालीच राहतात. कालवे फोडणाऱ्या आणि तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांना हा फरक पाठ असतो. शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या विभागात मात्र त्याला स्थान मिळत नाही.

तिसरा दोष ओळखीचा आहे. शंखशिंपले प्रजातीपर्यंत ओळखले जातात, खेकडे प्रजातीपर्यंत वा कुलापर्यंत, स्पंज व पॉलिकीट कृमी मात्र ‘अनिश्चित’ म्हणून एकत्र टाकले जातात. अशा असमान पातळीवरच्या यादीवर शॅनन निर्देशांक काढला की दोन दशांश स्थळांपर्यंतची अचूकता दिसते, पण ती आभासी असते. कृमींचा जाणकार लाभलेल्या महाविद्यालयाचा किनारा अधिक समृद्ध ठरतो, मग समुद्रात काहीही असो.

हा केवळ शैक्षणिक काटेकोरपणाचा मुद्दा नाही. बंदरे, रस्ते, भराव आणि औद्योगिक प्रकल्प यांच्या पर्यावरणीय अहवालांत पूर्वीच्या याद्यांचा आधार घेतला जातो. मुंबईचा किनारा प्रदूषणामुळे जवळजवळ निर्जीव झाला आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिक-उपक्रमाने ओहोटीच्या वेळी नियमित पाहणी सुरू केली आणि शहराच्या खडकाळ किनाऱ्यांवरील प्राणिजीवन लोकांसमोर आले. पुढे किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांची दखल तरी घेतली गेली. ज्या स्पंजांना, कृमींना आणि सूक्ष्म शंखांना असे संरक्षण नाही, त्यांच्यासाठी सर्वेक्षणाची यादी हाच एकमेव साक्षीदार असतो; आणि तो अपुरा असेल तर त्यांचे जाणे नोंदविलेही जात नाही.

नव्या तंत्रांचे आश्वासन

अलीकडे यावर उपाय म्हणून प्रमाणित रचना आणि डीएनए-विश्लेषण यांचा पुरस्कार केला जातो. २००० ते २०१० या काळातील ‘सेन्सस ऑफ मरीन लाइफ’ या जागतिक उपक्रमातून ‘आर्म्स’ ही रचना प्रसारात आली. सुमारे २२.५ सेंटिमीटर बाजूच्या पीव्हीसी पाट्या थोड्या-थोड्या फटी राखून एकावर एक रचतात आणि ती मांडणी महिनोन्‌महिने समुद्रतळावर ठेवतात. फटींत वसलेले प्राणी नंतर आकारानुसार वेगळे करून मोठ्यांचे एकेकटे आणि लहानांचे एकत्रित डीएनए-वाचन केले जाते. सर्वत्र सारखे क्षेत्रफळ, सारखी रचना आणि सारखा कालावधी ठेवता येणे हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु येथेही सावधगिरी आवश्यक आहे. पाट्यांवर वसणारे तेवढेच प्राणी या पद्धतीला दिसतात. गाळात बिळे करून राहणारे दिसत नाहीत. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मॅथ्यू लेरे आणि नॅन्सी नोल्टन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनिया व फ्लोरिडा येथील कालवांच्या खडकांवरील अभ्यासात जनुकीय साम्यावरून २१७९ गट वेगळे करता आले. त्यांपैकी केवळ १०.९ टक्के गट उपलब्ध संदर्भसंग्रहातील नोंदींशी जुळले. जगातील तुलनेने अधिक अभ्यासलेल्या किनाऱ्यांची ही स्थिती असेल, तर कोकणातील नमुन्यांकडून वेगळी अपेक्षा करता येणार नाही. यंत्र गट मोजून देते, नाव देत नाही. नाव देण्यासाठी वर्गीकरणतज्ज्ञ आणि जतन केलेला नमुना लागतो. वर्गीकरणशास्त्राची पदे रिक्त ठेवून डीएनए-यंत्रे खरेदी करणे म्हणजे निरक्षरांच्या गावात ग्रंथालय बांधण्यासारखे आहे.

किमान अपेक्षा

उपरोक्त विवेचनावरून महाविद्यालयीन पातळीवर, फारसा खर्च न करता, पुढील बाबींचा आग्रह धरता येईल :

१. साधनाचे माप, चाळणीचा आकार, चौकटींची संख्या, मनुष्यतास, तिथी आणि ओहोटीची उंची यांची नोंद प्रत्येक यादीसोबत असावी.
२. जिवंत प्राणी आणि रिकामी कवचे यांची गणना स्वतंत्र असावी. भरतीने वाहून आणलेला शंख त्या जागेचा रहिवासी ठरत नाही.
३. वाढत्या नमुन्यांबरोबर प्रजाती कशा वाढत गेल्या याचा आलेख द्यावा. तो अजून चढत असेल तर यादी अपूर्ण आहे असे स्पष्ट लिहावे.
४. न आढळलेल्या प्रजातींचा अंदाज द्यावा. ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेले सूत्र कागद-पेन्सिलीनेही सोडविता येते : एकदाच आढळलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करावा आणि दोनदा आढळलेल्या प्रजातींच्या दुपटीने त्याला भागावे. समजा, ६० प्रजाती मिळाल्या, त्यांतील २० एकदाच आणि ८ दोनदा आढळल्या, तर ४०० भागिले १६, म्हणजे किमान २५ प्रजाती नजरेतून सुटल्या असे मानावे लागेल.
५. संशयित व अनिश्चित नमुने फेकून न देता जतन करावेत. पुढे डीएनए-विश्लेषण करावयाचे असल्यास ते फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवावेत. समुद्री काकडी, प्रवाळ इत्यादी संरक्षित प्राणी मात्र परवानगीशिवाय गोळा करू नयेत. त्यांची छायाचित्रे पुरेशी मानावीत.

निष्कर्ष

सागरी अपृष्ठवंशीयांच्या सर्वेक्षणात निर्दोष अशी एकही पद्धत नाही. खरवडजाळे, पकडयंत्र, चौकट, पाट्यांची रचना आणि डीएनए यांपैकी प्रत्येक साधन समुद्राचा एक भाग दाखविते आणि दुसरा झाकते. म्हणून पद्धतीचा दोष असणे हा अभ्यासाचा दोष नव्हे. तो न सांगणे हा दोष होय. परीक्षकांनी यादीच्या लांबीपेक्षा पद्धतीच्या प्रामाणिकपणाला अधिक गुण दिले, तर लहान महाविद्यालयाची ४० प्रजातींची काटेकोर यादीही वीस वर्षांनंतर त्याच खडकावर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल. तेव्हा त्या ४० पैकी ३० च उरल्या असतील, तर बदल समुद्रात झाला की चाळणीत, हे त्याला त्या नोंदीवरून सांगता येईल.