दाताचं मूळ पाहावं

डहाणूजवळच्या चिखल्याच्या वाळूत मुशीचा दात सापडला, तर तो आजचाच समजावा. डहाणू-तलासरीचा काळा दगड लाव्ह्याचा, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीच्या सुमारास थिजलेला. त्यात समुद्राचा गाळ नाही, मग दात कुठून असणार? जुने दात पाहायचे तर मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातले बाघचे थर गाठावेत, नाहीतर तमिळनाडूतलं कारै. पुदुच्चेरीजवळच्या थरांतल्या माशांच्या अवशेषांचं वर्णन तर फिलिप एजर्टनने १८४५ सालीच केलं होतं.

मुशीचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुधा विरून जातो. दात मात्र जन्मभर झडतात, नवे येतात. म्हणून मासा असा हाती लागतो तो दातांतूनच.

हौशी नजर आधी रंगावर जाते. रंग गाळातल्या खनिजांचा. वयाशी त्याचा संबंध नाही. मग टोक. तेही फसवं, कारण एकाच जबड्यात पुढचे दात उभे आणि कडेचे तिरके असतात. मी दात उलटा करतो आणि मूळ बघतो. आतल्या बाजूच्या फुगवट्यावर खोल उभी खाच, वर लांब सडपातळ शिखर आणि त्याच्या आतल्या अंगाला बारीक उभ्या रेघा दिसल्या, की स्कॅपॅनोरिंकस हा मुशीचा गण आठवावा. क्रेटालॅम्नाचा त्रिकोण रुंद, धार गुळगुळीत. दोन्ही खांद्यांवर एकेक छोटं त्रिकोणी शिखर. स्क्वालिकोरॅक्सची धार खवणीसारखी दातेरी, शिखर तोंडाच्या कोपऱ्याकडे कललेलं आणि त्या कलत्या बाजूला एक खाच. बाजूची शिखरं नाहीत, मुळावर उभी खाचही नाही.

माझा लाडका मात्र टायकोडस. हा मुशीचा दात वाटतच नाही! धार नाही, अणी नाही. जाड, बुटका ठोकळा आणि माथ्यावर आडव्या वळ्या. कारैला मिळणाऱ्या डेकरन्स जातीत त्या वळ्या पार कडेपर्यंत उतरतात. मासे फाडायला नव्हे, शिंपले भरडायला घडलेला हा दात. वळ्या मधोमध झिजलेल्या दिसल्या, तर त्याची जेवणं डोळ्यांपुढे येतात. माझ्या लेखी कोऱ्या दातापेक्षा झिजलेला दात मोलाचा, विकणाऱ्याचं मत काहीही असो.

मूळ तुटलेल्या दाताला जातीचं नाव देऊ नये, गणापाशी थांबावं. आणि कुठल्या थरातला हे टिपून ठेवलेलं नसेल, तर काळ सांगणंही अवघड: क्रेटालॅम्नाचे दात क्रिटेशसनंतरच्या थरांतही मिळतात.