खिळे पाडणारा माणूस

माझ्या पहिल्या कवितासंग्रहात छपाईच्या तेवीस चुका आहेत. मी मोजल्यात. एका कवितेत ‘पेरा’चा ‘पोरा’ झालाय. एक काना जास्त पडला आणि शेतातली कविता थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. फाँट बदलताना ‘दुष्काळ’ मधोमध फुटला. पैसे मीच भरले होते, लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवून साठवलेले. तक्रार केली तर प्रकाशक म्हणाले, “सर, फाइल तुमचीच होती.” खरं होतं ते. त्यांनी पुस्तक छापलं होतं, वाचलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात नांदेडच्या एका जुन्या वाचनालयात वामन पंडिताच्या कवितांचा खंड हाती लागला. वामन दाजी ओक यांनी संपादलेल्या ‘काव्यसंग्रह’ मालेतला, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा. वामन सतराव्या शतकातला कवी. नांदेडच्या शेष घराण्याशी त्याचं नाव जोडतात, म्हणून पुस्तक जरा आपुलकीनंच उघडलं. मराठी वाङ्मयात त्याला ‘यमक्या वामन’ म्हणतात. यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा येतात, पण अर्थ वेगळा असतो. आता विचार करा, अशा श्लोकात एक मात्रा सरकली तर काय उरेल? मी तर चुका शोधायच्या म्हणूनच वाचत होतो. शंभरेक श्लोक झाले, हाताला फारसं काही लागलं नाही. आणि जाणवलं की वामनाचं कौशल्य मला दिसतंय ते आणखी कुणाच्या तरी कौशल्यामुळे.

त्या कुणाचं नाव जावजी दादाजी. जन्म १८३९. फारसं शिक्षण नाही. लहानपणीच मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली खिळे घासायला लागला. पगार महिना दोन रुपये. शिशाचा एकेक खिळा घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे कागदावर कड उमटत नाही. त्यानं १८६४ मध्ये स्वतःची टाइप-फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे मूळ ठसे कोरायला राणोजी रावजी आरू हा कसबी माणूस सोबत होता. पुढे पंचांग निघालं, पोथ्या निघाल्या, १८८६ पासून संस्कृत ‘काव्यमाला’ सुरू झाली. १८९२ मध्ये जावजी गेला तेव्हा पंडित मंडळी पाठासाठी निर्णयसागरची प्रत प्रमाण मानत होती.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी अक्षर, मग छापखाना, मग पुस्तक.

वामनाच्याच शतकातला लंडनचा हम्फ्री मोझली घ्या. १६४२ मध्ये तिथली नाटकघरं बंद झाली. १६४५ ची तारीख असलेला मिल्टनचा पहिला कवितासंग्रह मोझलीनं काढला आणि त्याला वाचकांसाठी स्वतःची प्रस्तावना जोडली. १६४७ मध्ये एका भागीदारासोबत बोमंट आणि फ्लेचर यांच्या नाटकांचा जाडजूड ग्रंथ आणला. रंगमंच बंद, तर नाटक कागदावर! त्याची पारख मोठीच. पण त्याला रोमन अक्षरं तयार मिळाली होती.

आपल्याकडे तिथंच घोडं अडलेलं. वामन हयात असतानाच सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे छपाई जाणणारा माणूस मागितला. त्यांना जुने ब्राह्मणी ग्रंथ छापायचे होते. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला. त्याला छापता येत होतं, पण इथली अक्षरं कोरता येत नव्हती. भीमजींनी पुढे आपल्या माणसांकडून ‘बनिया’ लिपीचे काही कागद छापून घेतले, पण त्यातून पुस्तकांची परंपरा काही उभी राहिली नाही. यंत्र आलं, पैसा होता, ग्रंथ होते. नव्हता तो काना, मात्रा आणि जोडाक्षरं शिशात उतरवून देणारा सवडीचा हात.

म्हणून जावजीला मी नुसता छापखानेवाला म्हणणार नाही. जोडाक्षर कुठं मोडतं, ओळीत कुठं श्वास लागतो, हे ओळखणं हीसुद्धा समीक्षा आहे. लेख लिहून करतात तशीच ती ठसा कोरून करता येते. टीकाकार चांगल्या कवितेकडे बोट दाखवतो. हा माणूस ती नीट दिसेल अशी सोय करतो.

पण भक्तिभावानं थांबलो तर ती समीक्षा नव्हे. ‘काव्यसंग्रह’ आणि ‘काव्यमाला’ चाळताना दिसतं की तिथं आलं ते आधीच कुठं तरी लिहून ठेवलेलं होतं. कुणाच्या मठात, कुणाच्या माजघरात बासन बांधून जपलेलं. औसा तालुक्यातली माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या आजीनंही म्हटल्या असतील. त्यांचं बासन नव्हतं. या मालांनी हस्तलिखित वाचवलं. ज्यांना लिहूच दिलं नाही त्यांच्यासाठी तिथं खिळे जुळले नाहीत. हा दोष एकट्या जावजीचा नाही. पण इतकं सुंदर अक्षर कुणाच्या वाट्याला आलं, हे विचारल्याशिवाय त्या सौंदर्याचा हिशेब पुरा होत नाही.

आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये देवनागरी फुकट आहे. भीमजींना जे पैसे मोजून मिळालं नाही, ते आपण ‘गुड मॉर्निंग’ पाठवायला वापरतो. उदगीर, देगलूर, कंधारचं कुणीही पोरगं रात्रीतून पुस्तक काढू शकतं. अक्षराची अडचण संपली. अडचण आता पहिल्या वाचकाची आहे. पैसे घेण्याआधी पानं वाचणारा, ‘ही कविता काढ’ म्हणणारा आणि ‘पेरा’वरचा जादा काना पकडणारा माणूस हवाय.

माझ्या खाटेखाली अजून दोन खोकी आहेत. प्रत कुणाला द्यायची असली की आधी बसून पेनानं तेवीस दुरुस्त्या करतो. खिळे घासल्यासारखंच काम. परवा एका प्रतीत चोविसावी सापडली.